टॉवरचा व्हॉल्व्ह बंद, आपला चालू

“सर, ते प्रेशर-बिशर राहू द्या ना बाजूले. पाणी कवा येते, तेवढं सांगा!”

वानखडे खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. खुर्ची संस्थेची, प्लास्टिकची, एक पाय आधीच वाकलेला. त्यामुळे त्यांचा आवाज जितका वर चढे तितके ते स्वतः डावीकडे कलत. मी टेबलावर बादली, बादलीला जोडलेली रबरी नळी, नळीला पाडलेली सात भोकं आणि भोकांखाली सात पेले असा सगळा संसार मांडून, सातव्या पेल्यात पाणी का पडत नाही हे विश्रांतवाडीतल्या आमच्या कॉलनीला समजावून सांगत होतो. पहिल्या पेल्यात धो धो पडत होतं. तिसऱ्यात बरं पडत होतं. सातव्या भोकाच्या तोंडाशी एक थेंब आला होता आणि पडावं की पडू नये याचा विचार करत लोंबत होता. “हा सातवा पेला म्हणजे आपण,” असं मी म्हणालो आणि दीडशे माणसांनी त्या थेंबाकडे असं पाहिलं, जसं काही मीच त्याला वर धरून ठेवलंय.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होतो. बावीस वर्षं शिकवत होतो. त्या सकाळी मला पाऊण तास झाला होता आणि माझा प्रास्ताविकाचा भाग नुकताच संपत आला होता. मुख्य मुद्दा पुढेच होता: जुनी नळवाहिनी, शेपटाकडची वस्ती, उंचावर बांधायची नवी टाकी, तीन वर्षांचं काम, आणि तोपर्यंत सगळ्या आळ्यांनी एक-एक तास वाटून घ्यायची पाळी. आराखडा उत्तम होता. आजही उत्तमच आहे. माझ्या कपाटात आहे, हवा तर दाखवतो.

यंदा पुन्हा तोच निवडणुकीचा मोसम आलाय. पुण्यातली थंडी संक्रांतीनंतर ओसरायला लागते, दुपारी ऊन चावतं, पहाटे पुन्हा शाल शोधावी लागते, आणि बरोबर त्या सुमाराला दर काही वर्षांनी रिक्षांना कंठ फुटतो. आता रिक्षा कमी झाल्या, फोन वाढले. परवा जेवायला बसलो आणि फोन वाजला. “नमस्कार, मी आपला हक्काचा माणूस बोलतोय,” असं कुणीतरी इतक्या जिव्हाळ्यानं म्हणालं की मीही घास बाजूला ठेवून “बोला, बोला” म्हणालो. तो बोलत राहिला. मी मध्ये दोन प्रश्न विचारले, तरी तो बोलतच राहिला. ध्वनिमुद्रित होता. आणि खरं सांगतो, मला राग नाही आला, हेवा वाटला. समोरच्याचा एकही प्रश्न ऐकू न येता एकाच वेळी लाखभर घरांत बोलायला मिळणं. माझ्यासारख्या मास्तराला आणखी काय हवं असतं?

माझा हेवा हा काही साधा हेवा नव्हे. तो टाकीत मिसळला असता तर येरवड्यापासून मांजरीपर्यंतचे नळ आठ दिवस हिरवे वाहिले असते. पण त्याची पहिली धार फुटली ती त्या रविवारी, वानखड्यांच्या ओरडण्यानंतर, जेव्हा मागच्या रांगेतून बाळू पुढे आला.

बाळू माझाच विद्यार्थी. दहावीला तीनदा बसला, म्हणून सलग तीन वर्षं माझ्या वर्गात होता. इतका सहवास माझा सख्ख्या भावाशीही नाही. ‘पाणी उताराकडे का वाहते?’ या प्रश्नाला त्यानं एकदा उत्तर लिहिलं होतं, ‘त्याला तशी सवय असते.’ मी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. चहा सांडेपर्यंत हसलो होतो सगळे. तोच बाळू आता महापालिकेचा उमेदवार होऊन, पांढरा कडक शर्ट घालून आला, मला वाकून नमस्कार केला, अगदी पायाला हात लावून, आणि टेबलाकडे वळून म्हणाला, “सर, हा पहिला पेला म्हणजे समोरचे टॉवर ना?”

मी तसं म्हणालो नव्हतो. पहिला पेला म्हणजे टाकीजवळच्या वस्त्या, असं मी म्हणालो होतो. मी तोंड उघडेपर्यंत बाळूनं तो भरलेला पेला उचलला आणि सातव्या पेल्यात ओतला. सातवा भरला.

“टॉवरचा व्हॉल्व्ह बंद, आपला चालू,” तो म्हणाला. “संपलं.”

टाळ्या. अहो, कसल्या टाळ्या. धानोरीच्या टेकडीवरची कबुतरं उडाली आणि लोहगावच्या धावपट्टीवर विमानाला थांबावं लागलं असेल. वानखडे टाळ्या वाजवायच्या नादात खुर्चीवरून पडले आणि पडल्या-पडल्या वाजवत राहिले. बावीस वर्षं मी फळ्यावर प्रकाशाचं परावर्तन काढलं, बेडकाचं हृदय काढलं, एकदा तर मुलांसमोर लिंबावर दिवा लावून दाखवला. एक टाळी नाही. आणि हा एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओततो. माझ्याच पेल्यातलं.

टॉवर म्हणजे आळंदी रस्त्याच्या पलीकडचे. आमच्या कॉलनीच्या गच्चीवरून दिसायचे. त्याच्या चार वर्षं आधी तिथे ज्वारी होती. मग एके दिवशी पत्र्याचं कुंपण आलं, आणि कुंपण काढलं तेव्हा आत चौदा-चौदा मजले उभे. तिथे संगणकवाली मंडळी राहायची. त्यांना न्यायला पांढऱ्या गाड्या यायच्या आणि त्या गाड्या वेगाच्या आधी जाऊन पोचायच्या. त्यांच्या बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडेसुद्धा इस्त्री केल्यासारखे दिसत. आणि मधोमध, खाली, तरणतलाव. निळा. आमच्या बायका गच्चीवर पापड घालायला जात आणि पापड सोडून निळ्याकडे बघत बसत. पुरुष अँटिना फिरवायचं निमित्त करून जात. मी शास्त्रीय निरीक्षणासाठी जात असे. उन्हात तो निळा असा चमके, की आपल्या हंड्यातलं पाणी आपल्याला नुसतं ओलं वाटावं.

मला आठवतं, त्याच्या आधीच्या काळात आमच्यात कुणाकडेच काही नव्हतं. ही बढाई नाही, तसा रिवाजच होता. टेलिफोनसाठी नंबर लावला की तो बारशाला लावावा आणि लग्नाला मिळावा. स्कूटरला वर्षं, गॅसला वर्षं. पण रांग एक होती. साहेबाच्या पुढे मी असेन, माझ्या पुढे वानखडे असतील, पाय सगळ्यांचेच दुखत. ‘मिळत नाही’ हे हवामानासारखं होतं. त्यात अपमान नव्हता. मग देशाची दारं उघडली म्हणाले. उघडली खरी. रांग मोडली, दुकानं भरली, जो-तो ज्याच्या-त्याच्या पायांनी धावायला लागला. तेव्हापासून एखाद्याकडे एखादी गोष्ट नसली, की ती का नाही याचं उत्तर त्यालाच द्यावं लागू लागलं. वानखड्यांच्या नितीनला ते रोज द्यावं लागे. पोरगा इंजिनियर झालेला. अकोल्याहून इथे येऊन वानखड्यांनी खडकीच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या केल्या आणि पोराला शिकवलं. तीन वर्षं तो टाय लावून मुलाखतींना जात होता. टाय एकच, मरून. सकाळी तो बाहेर पडला की आळीतले सगळे खिडकीतून मागे सरत, त्याला बघितलंय असं त्याला वाटू नये म्हणून. आणि संध्याकाळी तो गच्चीवर जाई. अँटिनाही फिरवत नसे.

बाळूनं पेला ओतला तेव्हा वानखडे पडेपर्यंत टाळ्या का वाजवत होते, हे मला त्या दिवशी कळलं नव्हतं. मला वाटलं, पाण्यासाठी. आपला व्हॉल्व्ह चालू होणार म्हणून. आता वाटतं, त्यांचा हात जोरात वाजला तो वाक्याच्या पहिल्या भागाला.

आणि मी काय केलं? मला तर खरं माहीत होतं. ऑगस्टात मी पाण्याच्या चावीवाल्याबरोबर, तो ती खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन सायकलवरून हिंडतो ना, त्याच्याबरोबर अख्खी लाईन पायी फिरलो होतो. टॉवरला जाणारा नळ त्यानं मला झाकण उचलून दाखवला होता. बोटाएवढा. “यातनं काय जातंय, सर? ते बी टँकरवरच हायेत,” असं तो म्हणाला होता. तो व्हॉल्व्ह बंद करून आम्हाला मिळाल्या असत्या फार तर दोन बादल्या, तेही चावीवाल्याचा मूड चांगला असेल तर. हे मी तेव्हाच, टाळ्या वाजत असताना, सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. एक तर कुणी ऐकलं नसतं. आणि दुसरं असं, की तो निळा माझ्याही डोळ्यांत होता. त्यांना दोन बादल्या कमी पडणार असतील तर पडू देत की, असं माझ्यातला कुणीतरी बसल्या जागी म्हणाला.

घरी येऊन मी जाहीर केलं, की मी निवडणुकीला उभा राहतोय.

“कुठे?” सुधा म्हणाली. सुधा म्हणजे माझी बायको. सदाशिव पेठेतलं माहेर, एका शब्दात जे होईल त्याला दोन खर्च करत नाही.

“महापालिकेत. अपक्ष.”

“बरं,” ती म्हणाली आणि डाळीला फोडणी दिली.

मला कपबशी हे चिन्ह मिळालं. बाळूचा प्रचार ट्रकवरून, माझा सायकलवरून. त्याच्या सभेला कर्णे बारा, माझ्या सभेला मी. मी दारोदार नळवाहिनीचा नकाशा घेऊन फिरलो. लोक आदरानं बसवत, चहा देत, चहा कपबशीतच देत आणि वर हसून ‘बघा सर, तुमचंच चिन्ह’ म्हणत. नकाशा उलगडला की आतल्या खोलीत कुणालातरी एकदम ताप येई. तीन वर्षं हा आकडा उच्चारला की चेहरे असे मिटत, जशी लाजाळूची पानं. मी मनात म्हणायचो, किती अडाणी माणसं. आज त्यांच्या जागी बसून बघतो. ज्या माणसानं आयुष्यभर ‘थांबा’ हेच ऐकलंय, त्याच्या घरी जाऊन, त्याचाच चहा पिऊन, मी सविस्तर आणि आकृतीसह ‘थांबा’ म्हणत होतो. माझं सगळं खरं होतं आणि ते नकारासारखं ऐकू येत होतं. बाळूचं सगळं खोटं होतं, पण तो विचारत असे, “मावशी, गुडघा कसाय?” गुडघा कुणाचा, कुठला, डावा की उजवा, सगळं पाठ. याला दहावीत आवर्त सारणीतली पहिली पाच मूलद्रव्यं पाठ झाली नाहीत आणि आता प्रभागातले बाराशे गुडघे पाठ.

मग हळदीकुंकवाचे दिवस आले. उमेदवाराच्या घरच्यांनी हळदीकुंकू करायचं आणि वाण लुटायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. कुणी स्टीलचा डबा देतं, कुणी गाळणी. बाळूच्या बायकोनं बादल्या दिल्या. पिवळ्या, प्लास्टिकच्या, आणि प्रत्येकीवर बाळूचा हात जोडलेला फोटो. सुधाही एक घेऊन आली.

“तू गेलीस?” मी म्हणालो.

“बोलावलं होतं.”

“आणि घेतलीस?”

“वाण परत करतात का?”

दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघरात बाळू. मी डोक्यावर तांब्या ओतायचा आणि त्यानं हात जोडून बघत राहायचं. फोटो नखानं खरवडला, निघेना. बादली उलटी करून ठेवली, तर बाळू शीर्षासनात. वर सुधा एकदा कपडे भिजवता भिजवता म्हणाली, “कडी चांगली भक्कम आहे हो हिची.” लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, माझ्या कुठल्याही भागाला ती कधी भक्कम म्हणाली नव्हती.

तेव्हा मी ठरवलं, की नकाशा गेला खड्ड्यात.

प्रचार संपायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या चौकात माझी सभा होती. कुणाच्या तरी लग्नाचा मांडव अजून काढला नव्हता, म्हणून गर्दी बरी होती. वानखडे पुढेच होते, शेजारी नितीन. मी उभा राहिलो, नकाशा खिशातच ठेवला आणि म्हणालो, “बाळासाहेब म्हणतात टॉवरचा व्हॉल्व्ह बंद करू. व्हॉल्व्ह बंद करून काय होणार? तो निळा तलाव बघितलाय ना? किती पाणी असेल त्यात? मी निवडून आलो तर आठ दिवसांत तो तलाव आपल्या टाकीत.”

आणि आवाज उठला. माझ्या नावाचा. अहो, तो आवाज अंगावर घ्यायला मिळाला पाहिजे एकदा माणसाला. पायाखालची फरशी गरम होते. चष्म्याच्या काचा आपोआप स्वच्छ होतात. मी चार इंच उंच झालो. खोटं नाही, दुसऱ्या दिवशी पायजमा आखूड झाला होता. मी पुढे म्हणालो, आठ दिवस कशाला, चार. चार कशाला, उद्या. मला थांबताच येईना. समोरची माणसं इतकी प्रेमानं बघत होती, की त्यांना खरं सांगणं हा दुष्टपणा वाटला असता. मला तोवर वाटायचं, की पुढारी लोकांना फसवतो. त्या संध्याकाळी वाटलं, हे दोघांनी मिळून घातलेलं हळदीकुंकू आहे: त्यांनी डोळे मिटायचे, आपण कपाळाला बोट लावायचं, आणि वाण दोघांनीही घरी न्यायचं. नितीन टाळ्या वाजवत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचे दात दिसले. ते दात मी दाखवले होते, बाळूनं नव्हे.

अडचण इतकीच झाली, की मी ‘उद्या’ म्हणालो होतो.

सकाळी साडेसातला वानखडे दारात. मागे पन्नासेक माणसं, हातात बादल्या, हंडे, एकाकडे तर पिंप. निम्म्या बादल्या पिवळ्या. “चला सर,” वानखडे म्हणाले, “तलाव आणाले.” मी म्हणालो, अहो, निवडून आल्यावर, असं होतं ते. ते म्हणाले, “आता काहून मांगं सरता?” मी गेलो. पुढारी गर्दीच्या पुढे चालतो असं लोकांना वाटतं. मी पुढे होतो कारण मागून पिंप ढकलत होतं.

फाटकावरचा वॉचमन वाशीमकडचा निघाला. वानखड्यांनी गाव विचारलं, त्यानं सांगितलं, दोघांच्या एका आत्याची ओळख निघाली आणि फाटक उघडलं. आम्ही आत शिरलो. सगळं झाडलोट केलेलं, गवत कापलेलं, कुणी मोठ्यानं बोलेना. वळण घेतलं आणि तलावाशी आलो.

तलाव कोरडा होता.

नुसता कोरडा नव्हे, तळाशी पानं साचलेली, एका कोपऱ्यात मुलांचा चेंडू आणि स्टंप म्हणून उभी केलेली वीट, दोरीवर कुणाचे तरी टॉवेल. निळी होती ती फरशी. तळाला, भिंतींना, सगळीकडे निळी फरशी, आणि तिच्यावर ऊन. दोन वर्षं आम्ही फरशीवर जळत होतो. मी, विज्ञानाचा शिक्षक, प्रकाशाचं परावर्तन फळ्यावर काढणारा.

“बांधल्यापासून एकदाच भरला होता,” वॉचमन म्हणाला. “पूजेले.”

तेवढ्यात एक मुलगी बाहेर आली. गळ्यात ओळखपत्राची पट्टी, केस ओले नाहीत पण ओले दिसावेत असे बांधलेले, हातात रिकामी बादली. टँकरची वाट बघत होती. तिच्यामागे आणखी सात-आठ जण, कुणी अर्ध्या चड्डीत, कुणी फोनवर इंग्रजीत कुणाची तरी माफी मागत. आमचे हंडे बघून तिचा चेहरा उजळला.

“काका, तुम्ही द्यायला आलात का?”

“काय द्यायला?” मी म्हणालो.

“पाणी. रोज पहाटे तुमच्या साइडनं भांड्यांचा केवढा आवाज येतो. आम्हाला वाटायचं तुम्हाला फुल प्रेशरनं येतं. आमचे सगळे जळतात तुमच्यावर.” मग ती ओशाळून म्हणाली, “सॉरी, म्हणजे गमतीत.”

पहाटेचा तो आवाज रिकाम्या भांड्यांचा असतो, भरलेलं भांडं वाजत नाही, हे तिला सांगावं असं मला वाटलं, शिकवायची सवय. पण मी नितीनकडे बघितलं. तो तिच्या गळ्यातल्या पट्टीकडे बघत होता. तिच्यावरचा फोटो, नाव, आणि खाली छोट्या अक्षरात हुद्दा. त्याचं तोंड पुन्हा मिटलं होतं.

आम्ही परत आलो. रस्ता ओलांडायला जितका वेळ लागतो तितक्या वेळात, मी शपथेवर सांगतो, तो तलाव भरला. कॉलनीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. “मिळालं?” त्यांनी विचारलं. आणि वानखडे, ज्यांनी त्या तळातली वीट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, म्हणाले, “आपण येऊन राह्यलो समजलं त्याईले. रिकामा करून टाकला.”

दुपारपर्यंत अख्ख्या प्रभागाला ठाऊक, की टॉवरवाल्यांनी घाबरून लाखो लिटर पाणी गटारात सोडलं. कुणी ते वाहताना पाहिलं होतं. एकाचा पाय घसरला होता त्यात. संध्याकाळी बाळूच्या ट्रकवरून शेवटची घोषणा झाली: “नुसत्या नावाला घाबरले, निवडून आल्यावर बघा.” नावाला म्हणजे कुणाच्या? तलाव माझा, सभा माझी, मोर्चा माझा, आणि भीती बाळूच्या नावावर जमा. इतका तिळपापड माझा उभ्या आयुष्यात झाला नव्हता. पण मी तरी ‘तलाव कोरडाच होता’ असं चौकात उभा राहून सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर आधी हे सांगावं लागलं असतं, की मी त्यांना कोरड्या तलावावर नेलं.

आता इतक्या वर्षांनी, फोनवरचा तो जिव्हाळ्याचा आवाज ऐकताना, मला कधीकधी वाटतं, की वानखडे त्या दिवशी मूर्ख नव्हते, खोटारडेही नव्हते. तलाव कोरडा आहे हे मान्य करायचं म्हणजे काय काय मान्य करायचं होतं त्यांना? की पलीकडेही टँकरच आहे. की त्यांचं बंद करून आपलं चालू होत नाही. की नितीनची जागा त्या मुलीनं घेतलेली नाही. ती जागा आहे, ती मुलगी आहे, आणि नितीन आहे, आणि या तिघांना जोडणारा व्हॉल्व्ह कुठेच नाही. एका बापानं हे सगळं सकाळी आठ वाजता, हातात हंडा घेऊन, मान्य करावं? मी दोन वर्षं नुसत्या निळ्या रंगानं पोळत होतो, तर त्यांचं काय. एखादा माणूस येऊन ‘तुझ्या दुःखाला झाकण आहे, ते इथे आहे, आणि माझ्याकडे चावी आहे’ असं म्हणतो, तेव्हा चावी खरी आहे का हे कोण विचारतं? मास्तर विचारतो. आणि मास्तरालाही ती चावी आपल्या हातात हवी असते.

निकालाचं सांगायलाच हवं का? बाळू इतक्या मतांनी आला, की मोजणाऱ्यांचे अंगठे सुजले. माझी मतं एका रिक्षात बसवून, वर रिक्षावाल्याच्या शेजारी मला बसवून, घरी आणता आली असती. व्हॉल्व्ह पुढे बंद झाला की नाही, ते चावीवाल्याला माहीत. नितीनला दोन वर्षांनी हिंजवडीकडे काम मिळालं, पांढरी गाडी त्याला न्यायला येऊ लागली, आणि वानखडे म्हणू लागले की पाण्याचा प्रश्न गुंतागुंतीचा असतो. बाळू आज भेटला तरी वाकतो. भर रस्त्यात, चार माणसांच्या देखत, “माझे गुरू” म्हणतो. ते चारजण मग त्याच्याकडे कौतुकानं बघतात, माझ्याकडे नाही.

पण हे सगळं नंतरचं. मला जे अजून टोचतं ते निकालाचं नाही, मतदानाच्या दिवसाचं आहे. सकाळी सातपासून मी केंद्राबाहेर टेबल टाकून मतदारांना चिठ्ठ्या देत बसलो होतो. शेजारी बाळूचं टेबल. तिथे वडापाव, इथे मी. येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून मी हिशेब लावत होतो, हा आपला, ही त्याची. दिवसभर सगळे हिशेब चुकले तरी एका मताबद्दल मी निर्धास्त होतो. आणि तिसऱ्या प्रहरी, ऊन उतरल्यावर, एकदम मनात पाल चुकचुकली. ती भक्कम कडी आठवली. ‘बोलावलं होतं’ आठवलं. ते ‘बरं’ आठवलं. दीडशे माणसांनी बाळूसाठी टाळ्या वाजवल्या त्या रविवारी ती बायकांत मागे बसली होती. तिचे हात मी पाहिले नव्हते. दहा हजार मतं बाळूला जाऊ देत, ते मी पचवलं असतं. पण हे एक त्याला गेलं असेल तर पुण्यात राहायला जागा उरणार नव्हती.

घरी पोचलो. सुधा ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी चपला काढल्या, पुन्हा नीट लावल्या, घसा साफ केला. सरळ विचारायचा धीर होईना, म्हणून मोघम विचारलं, की मतदान कसं झालं. ती म्हणाली, तुम्ही तिथे होतात, तुम्हाला माहीत. मग मी विचारलंच. म्हणालो, सुधा, राग नाही मानणार, पण खरं सांग. मत कुणाला दिलंस? मला की बाळूला?

तिनं हात पुसले.

“कुणालाच नाही. निघाले होते, तेवढ्यात पाणी आलं.”